आढीतला पेंढा आणि सशाचं गवत

गवत विकत घ्यायचं असतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि तेही पोटच्या पोरीकडून. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीच्या दारात कुरिअरवाला उभा होता आणि ही बया उशीएवढं पाकीट पोटाशी धरून नाचत होती.

“काय मागवलंस?”

“गवत.”

“कसलं गवत?”

“टिमोथी.”

आता गवतालाही असलं नाव असतं होय! माझे वडील गावाला कातळावरचं गवत दिवाळीच्या सुमाराला कापायचे आणि उरलं तर शेजारच्या गोठ्यात फुकट टाकून यायचे. त्यांची नात गवत पाकिटातून मागवते हे त्यांनी ऐकलं असतं तर आधी मला उभं केलं असतं आणि विचारलं असतं, मुंबईत जाऊन हेच शिकवलंस काय?

ते गवत सशासाठी होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना कोणा मैत्रिणीला नकोसा झालेला ससा ही ओढणीत गुंडाळून घरी घेऊन आली. पांढरा, एक कान काळा. मी आरडाओरडा करून चाळ डोक्यावर घेतली. हिचे बाबा आम्हाला सोडून गेले त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती, खोलीत आम्ही दोघीच, तरी जागा म्हणाल तर पाय पसरायला नाही. त्यात हे जनावर कुठे ठेवायचं? ती म्हणाली, “खाटेखाली.” म्हटलं, “खाटेखाली आंबे असतात.”

आमच्याकडे हे पूर्वापार आहे. वैशाखात गावाहून भावाची पेटी यायची. खाटेखाली पेंढा अंथरायचा, त्यावर कच्चे हापूस देठ वर करून एकेक मांडायचे, वर पुन्हा पेंढा, त्यावर पोतं. ही आमची आढी. ते दोन-तीन आठवडे सगळ्या खोलीला पेंढ्याचा आणि पिकत्या आंब्याचा वास. मी रोज हात घालून एकेक फळ चाचपायची आणि देठाशी नाक नेऊन सांगायची, हा आज, हा परवा. माझा अंदाज कधी चुकला नाही, चाळीत कोणालाही विचारा. शेवटी ठरलं ते असं की वर्षभर खाटेखाली ससोबा आणि आंब्याच्या दिवसांत त्यांची बदली मोरीपाशी.

दिवा घालवला की ससा जेवायला बसायचा. करुम करुम, करुम करुम. मी खाटेवर, मुलगी खाली चटईवर, तिचं डोकं सशाच्या खोक्याशी. मी वैतागून म्हणायची, “सांग त्याला, आता पुरे!” ती म्हणायची, “आई, ऐक ना, किती छान वाटतं.” आणि बोलता बोलता झोपून जायची. माझी मात्र झोप उडायची.

गवत कसं बघायचं हेही ती मला शिकवायची. पेपरवर मूठभर पसरायची आणि मी मासे साफ करत असले तरी समोर येऊन बसायची. “आई, हे बघ, हिरवट पाहिजे, पिवळं पडलं की त्यात काही राहत नाही. काड्या लांब पाहिजेत, त्याचे दात त्यावरच झिजतात. मुठीत दाबायचं, धूळ उडाली की परत. आणि वास घ्यायचा. घे ना वास!” मी बांगड्याच्या हाताने कुठे वास घेणार? “हं, हं, कळलं,” म्हणून मी तिला घालवायची. वास घ्यायची गरजही नव्हती, कारण त्या गवताचा वास तिच्या अंगालाच होता. उशीला, केसांना, ओढण्यांना. धुणं भिजवताना तिची ओढणी हातात आली की नाकाला समजायचं.

मग चाळ पडली, त्या जागी टॉवर उभा राहिला आणि आम्ही अठराव्या मजल्यावर गेलो. समोरच्या दारात चाळीतली समोरचीच शेजारीण आली, एवढं एक बरं झालं. आणि घर लावून होतंय न होतंय तोच मुलगी शिकायला कॅनडाला निघाली.

विमानतळावर बाकीच्या पोरी आईच्या गळ्यात पडून रडत होत्या. आमची मला सांगत होती, “गवत कधी संपू देऊ नकोस हं. गाजर नाही, पोळी नाही, बिस्किट तर अजिबात नाही. गवत.” मी म्हटलं, “आणि मी काय खायचं ते?” ती हसली, मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती पटकन वळून आत गेली. टॅक्सीत मी चालकाशी उगाचच भांडले.

शिक्षण झालं, तिकडेच नोकरी लागली. बेसमेंटमधली एक खोली, वर घरमालक, बाहेर बर्फ. त्या पहिल्या हिवाळ्यात तिची झोप उडाली. आमच्या सकाळी तिची मध्यरात्र असते. फोन करायची आणि म्हणायची, “आई, इथे आवाजच नाही गं. कानात नुसतं सूं होतं.” गोळ्या झाल्या, गरम दूध झालं, मी सांगितलेलं जायफळ झालं. काही फरक नाही. एकदा ती अशीच बोलत असताना माझं दूध उतू जायला लागलं म्हणून मी फोन सशाच्या खोक्यावर ठेवला आणि धावले. ओटा पुसून परत येते तर काय, ससोबा आपले गवत चावतायत आणि फोनमध्ये माझी पोरगी गाढ झोपलेली. तोंड जरासं उघडं, लहानपणी असायचं तसंच.

त्या दिवसापासून हा आमचा नेम झाला. सकाळी तिचा फोन आला की दोन शब्द बोलायचे, सशापुढे ताजं गवत घालायचं आणि फोन त्याच्याशेजारी ठेवायचा. ती झोपली की मी फोन उचलून हळूच बघत बसायची. खरं सांगते, माझा अख्खा दिवस त्या तेवढ्यावर निघायचा. जागी असली की तिला घाई असते, ऑफिस, बस, काय काय. झोपली की ती माझी, चटईवरची. केसांवरून हात फिरवावासा वाटायचा, आणि फिरवायचा कशावरून, तर काचेवरून. तेही करून बघितलं, तर फोन कट झाला. तेव्हापासून हात मांडीवर ठेवते.

तर अशी गत. तिची झोप त्या सशाच्या दातांवर, आणि तिला बघण्याचं माझं सुखही त्यावरच. ससा आता म्हातारा झालेला. देवाजवळ मी काय मागत होते ते कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं.

गवत ती तिकडूनच मागवून द्यायची. यंदा वैशाखात एकदा पाकीट आलंच नाही. माल संपलाय, म्हणे. ती काळजीत पडली तर मी म्हटलं, “अगं मी आणते की! दादर काय लांब आहे?” आणि त्याच दिवशी भावाचा फोन.

“पेटी इली काय गे?”

पेटी आली होती. फोडली तर आत हापूस आणि काय तो पेंढा! सोन्यासारखा पिवळा, भरपूर. नव्या घरात खाट नाही, दिवाण आहे, तर दिवाणाखाली आढी घातली. समोरची शेजारीण बुद्धपौर्णिमेची खीर घेऊन आली, तिच्या भांड्यात मी पहिले दोन पाडाचे आंबे घातले, कारण आमच्याकडे रिकामं भांडं परत जात नाही. आढी घालून पेंढा उरला. मी त्या पेंढ्याकडे बघितलं, सशाकडे बघितलं आणि म्हटलं, अगं वेडे, दादरला कशाला जातेस? देवाने गवत घरपोच पाठवलंय. गावचं, आपल्या मातीतलं, ना पाकीट ना परदेश. कोकणातल्या माणसाला पेंढ्यात खोट दिसायची नाही, त्याचं अर्धं बालपण पेंढ्यात हात घालून आंबे शोधण्यात गेलेलं असतं.

सशाने वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बघतोस काय? खा. नखरे नकोत.” त्याने भीड पडल्यासारख्या चार काड्या चघळल्या. पुढे दोन-तीन दिवस असंच चाललं, जेमतेम तोंड हलवायचा. आंब्याच्या गडबडीत मीही फार बघितलं नाही.

मग एका सकाळी त्याचा ट्रे झाडायला घेतला तर लखलखीत. एक लेंडी नाही. मेली मी, आधी मला बरंच वाटलं, म्हटलं आज काम वाचलं! मग बघितलं तर तो कोपऱ्यात पाठ वर काढून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. कोथिंबीर नाकाशी नेली. या सशाने कोथिंबिरीसाठी माझी पिशवी कुरतडलेली आहे. त्याने तोंड फिरवलं.

आणि तेवढ्यात तिचा फोन.

“आई, आज काही बोलत नाही गं. फार दमलेय. ठेव ना त्याच्याजवळ.”

काय सांगू तिला? सांगितलं असतं तर ती त्या बेसमेंटमध्ये रात्रभर भिंतीकडे बघत बसली असती, आणि येणार कुठून? मी फोन खोक्यावर ठेवला, कॅमेरा भिंतीकडे करून. मग खाली जमिनीवर बसले, मूठभर पेंढा घेतला आणि फोनशी धरून बोटांनी मोडायला लागले. करुम. करुम करुम. माझे डोळे वाहत होते आणि बोटं चालत होती. समोर ससा तसाच बसलेला. बऱ्याच वेळाने फोन वळवून बघितला, तर झोपली होती.

मी समोरच्या दारावर थाप मारली. शेजारणीने माझं तोंड बघितलं आणि चपला घातल्या. टॉवेलात ससा गुंडाळून आम्ही टॅक्सीने परळला प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण मुलगी होती, आमच्या हिच्याच वयाची. तिने त्याचं पोट चाचपलं आणि विचारलं, “काकू, गवत कुठलं घालता?”

मी पिशवीतून पेंढा काढून दाखवला.

“हा भाताचा पेंढा आहे.”

“हो, मग? वाळलेलं गवतच ना?”

“नाही हो. दाणा झोडून काढल्यावर मागे उरतं ते हे. गाई-म्हशी निभावून नेतात, सशाला नाही पुरत. त्याला हिरवं असताना कापून वाळवलेलं गवत लागतं. आणि हा तर दमट आहे. तुम्ही वास घेतला होता का?”

घेतला. वर आंबा, आणि आंब्याच्या खाली, आत, बुरशीचा आंबूस वास. माझ्या नाकाची चाळभर कीर्ती, आणि ते नाक आंब्यापाशीच थांबलं होतं. शेजारीण म्हणाली, “अहो ताई, आपण पॅकिंगचा माल खाऊ घातला त्याला!” ती बोलली आणि तिनेच जीभ चावली.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं, सिरिंजने भरवायला पातळ खाणं दिलं. म्हणाली, “आतडी थांबलीयत. हे भरवत राहा, पण त्याने स्वतःहून गवत चावायला पाहिजे. लवकर चावलं तर ठीक आहे. चांगलं गवत आणा, जुनं नको.”

सशाला शेजारणीकडे सोपवून मी दादर गाठलं. आता मला कोणाचा भरवसा नव्हता, माझा तर नाहीच. पहिल्या दुकानात पाकीट होतं, वर गोंडस सशाचं चित्र. मी म्हटलं, “फोडून दाखवा.”

“आंटी, सील्ड है. फॉरेन का माल है.”

“अरे बाबा, मी खोबऱ्याची वाटीसुद्धा वास घेतल्याशिवाय घेत नाही. फोडा.”

“फोडा तो लेना पडेगा.”

“चांगलं असलं तर घेईन. झाडूचा बुडखा निघाला तर तुम्हीच ठेवा.”

तो हसला बिचारा, पण फोडलं नाही. पारदर्शक बाजूने बघितलं तर पिवळं, काड्यांचा चुरा आणि तळाला पीठ. दुसऱ्या दुकानात फोडलेलं होतं, पण मुठीत दाबलं तर एवढी धूळ उडाली की मला शिंका आल्या. तिसऱ्यात उंदराचा वास. मी शिंकत, शिव्या घालत रिकाम्या हाताने घरी आले. ससा तसाच. सिरिंजने भरवलेलं अर्धं बाहेर, अर्धं आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन, पुन्हा कॅमेरा भिंतीकडे, पुन्हा मी आणि पेंढा. माझं चाललेलं बघून सशाने एकदा डोळे उघडून मिटले. म्हटलं, बघ रे बाबा, तुझी नोकरी मी करतेय, किती दिवस जमणार मला?

मग माटुंग्याला गेले. कोणी तरी सांगितलं होतं, एका जुन्या इमारतीखाली दुकान आहे, त्यांच्या घरीच ससे आहेत. दुकानदार आतून एक उघडी गोणी घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवली. मी मूठ भरली. हिरवट. काड्या लांब. दाबली, धूळ नाही. मग नाकाशी नेली.

काय सांगू! गावचं दिवाळीतलं गवत आठवेल असं मला वाटलं होतं. पण आठवली ती बादलीतली ओढणी. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, सशाने एका टोकाला कुरतडलेली. आमची चाळ, खाली चटई, तिची उशी, “घे ना वास, आई!” अगं, तेव्हा का नाही घेतला मी? मी त्या गोणीत तोंड घातलं ते काढवेना. हुंदका आला तो गवतातच गेला. मला माझी मुलगी पाहिजे होती, बाकी काही नको, ना टॉवर, ना आंबे. ती इथे जमिनीवर बसून मला कंटाळा येईपर्यंत गवत शिकवायला पाहिजे होती.

“आंटी, तबियत ठीक है ना?”

“ठीक है,” म्हटलं, “यही चाहिए. दोन पिशव्या द्या.”

घरी आले. शेजारीण सशाला मांडीवर घेऊन बसलेलीच होती. त्याला खोक्यात ठेवलं, एक लांब काडी घेतली आणि त्याच्या नाकाशी धरली. नाक हललं. दोन दिवस ते हललंही नव्हतं. “खा रे राजा,” मी म्हटलं, “खा. माझ्यावर राग काढ, पण खा. तिकडे पोरगी आहे माझी.” त्याने काडीचं टोक तोंडात धरलं आणि तसाच थांबला. मग काडी थोडी आत गेली. करुम.

“खातोय! ताई, खातोय!” शेजारीण ओरडली आणि मी तिला गप्प केलं, आणि मग आम्ही दोघी तोंडावर पदर धरून रडलो. संध्याकाळपर्यंत ट्रेमध्ये बारीकशा चार लेंड्या पडल्या. आयुष्यात लेंड्या बघून देवापुढे साखर ठेवणारी मी पहिलीच असेन. दिवाणाखालचा पेंढाही मी त्याच संध्याकाळी काढून टाकला आणि आंबे वर्तमानपत्रावर मांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुकर लावला आणि फोनची वाट बघत बसले. ससोबा जेवत होते, म्हातारा हळूहळू चावत होता, पण चावत होता. तिचा फोन आला. मी ऐटीत फोन त्याच्यासमोर ठेवला.

तिने चेहरा फोनच्या जवळ आणला. मग म्हणाली, “आई, आज कॅमेरा भिंतीकडे नाही?”

मी सशापुढचं गवत उगाच सारखं केलं.

“बरा आहे ना आता तो?”

“कोण? त्याला काय धाड भरलीय? रोज तर खातो.”

“आई. काल-परवा तो नव्हता.”

“मग कोण होतं?”

“तू होतीस. ससा खाताना मध्ये मध्ये नाक ओढत नाही गं.”

मी पदराने नाकच पुसलं, म्हणजे आणखी कबुली. शेवटी म्हटलं, “कळलं होतं तर बोलली का नाहीस?”

“बोलणार होते. परवाच बोलणार होते. पण झोप लागली,” ती म्हणाली. “कालही. इतकी गाढ तर त्याच्या आवाजानेही लागत नाही.”

फोनमध्ये तिने दिवा घालवला, अंधारात नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

“आई, त्याला जेवू दे त्याचं. तू पण कर ना थोडा वेळ.”

मी उठून कुकरखालचा गॅस बंद केला, शिटी व्हायच्या आत. मग पिशवीतून मूठभर गवत घेतलं आणि सशाशेजारी खाली बसले.